पैसे परत मिळतात, पुस्तक मिळत नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कॉलेजातले बरेच जण पुस्तकं विकायला लागले आहेत. वर्ष संपलं की टेक्स्टबुकं, नेट-सेटची गाइडं, घरातल्या कपाटातल्या जुन्या कादंबऱ्या, आजोबांनी जमवलेले दिवाळी अंक, सगळ्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर चढतात. 'कंडिशन गुड', किंमत अमुक, पोस्टेज वेगळं. मला हे मनापासून आवडतं. बेळगावात एखादं मराठी पुस्तक हवं असलं की पूर्वी पुण्या-कोल्हापूरला जाणारं कुणीतरी शोधावं लागायचं. आता इंदूरच्या कपाटातलं पुस्तक बेळगावात येतं आणि बेळगावचं बडोद्याला जातं. पण फोटो काढायला जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या निम्माही पुस्तक बांधायला दिला जात नाही. माझं म्हणणं असं की जुनं पुस्तक विकणाऱ्याचं खरं काम पैसे खात्यात जमा झाल्यावर सुरू होतं, आणि ते काम म्हणजे पॅकिंग.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "खराब पोचलं तर रिफंड देतो की!" हे उत्तर प्रामाणिक असतं, पण ते नव्या पुस्तकांच्या दुकानातलं आहे. दुकानातली प्रत दुमडली तर प्रकाशकाकडून दुसरी येते, नुकसान पैशांचंच असतं. जुन्या मराठी पुस्तकाचं तसं नाही. आपल्याकडे कितीतरी पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची किंवा त्याहून कमी निघते आणि दुसरी निघतच नाही. त्यातल्या काही लायब्रऱ्यांत जातात, काही रद्दीत, काही कसरीच्या पोटात. उरलेल्यातली एक तुमच्या हातात आहे. ती वाटेत भिजली तर रिफंडने काय भरून निघणार?

मागच्या जुलैत मी एक बऱ्याच वर्षांपूर्वी संपलेला कथासंग्रह मागवला होता. विकणाऱ्याने तो एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर पत्ता चिकटवून पाठवला. पिशवीला कोपऱ्यात भोक पडलं आणि पाणी आत गेलं. शेवटच्या तीसेक पानांची एक वडी झाली होती. मी फोटो पाठवले, त्याने त्याच दिवशी पैसे परत केले, माफीही मागितली. माणूस सज्जन होता, तक्रार करायला जागा नाही. पण तो संग्रह मी अजून शोधतोय, आणि त्याची आणखी एक प्रत जगातून कमी झाली ती झालीच.

आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी 'छापलं म्हणजे टिकलं' या भ्रमात राहू नये. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. एवढ्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितं राहिली म्हणून ग्रंथ राहिला, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो हस्तलिखितांच्या आधारे पुन्हा छापला. त्या प्रती काही पोस्टात भिजून गेल्या नाहीत, हे मलाही कळतं. पण त्यांच्यामागे हस्तलिखितं तरी होती. १९६० साली छापलेल्या एखाद्या कथासंग्रहामागे काय असतं? बहुतेक वेळा काहीच नाही. छापील प्रती हेच त्याचं सर्वस्व.

आता पोस्टाकडे वळू, कारण तिथेही अलीकडे बरंच बदललंय. पुस्तकं स्वस्तात पाठवायची नेहमीची वाट म्हणजे रजिस्टर्ड बुक पोस्ट. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने ती सेवा बंद केली आणि लहान प्रकाशक, पुस्तकविक्रेते हवालदिल झाले. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. सुरुवातीचे दर असे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि जास्तीत जास्त ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकिटाचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, त्यामुळे पहिली पानं गळालेलं पुस्तक पाठवायचं असेल तर काउंटरवर आधी विचारून घ्या. ही सेवा स्वस्त आहे, कारण पाकीट विमानाने न जाता जमिनीवरून जातं. म्हणजे थैली, सॉर्टिंग, गाडी, पुन्हा थैली, पुन्हा गाडी. जितके दिवस वाटेत, तितके धक्के जास्त आणि पावसाळ्यात तितकी ओल जास्त. पोस्टेजमध्ये जे वाचलं त्यातलं थोडं पॅकिंगवर खर्च करायला हवं, ते यासाठी.

जुन्या बुक पोस्टाचं पाकीट ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, दोन्ही टोकं उघडी आणि मध्ये सुतळी. आतला मजकूर तपासता यावा म्हणून तसा नियमच होता. पण ती सवय आता कुठल्याही पार्सलला लागू करून चालणार नाही. पुस्तकाला वाटेत चार शत्रू भेटतात: पाणी, कोपऱ्यावर बसणारा मार, वरून येणारं वजन आणि पाकिटाच्या आत पुस्तकाचं स्वतःचं सरकणं. चौथा शत्रू लोक विसरतात. मोठ्या खोक्यात सैल ठेवलेलं पुस्तक प्रत्येक धक्क्याला आतल्या आत आपटत जातं आणि पोचेपर्यंत त्याचे चारही कोपरे बोथट झालेले असतात. बाहेरून खोकं मात्र ठणठणीत!

म्हणून क्रम महत्त्वाचा. पुस्तक आधी कोरडं हवं. बेळगावच्या पावसात कपाटातलं पुस्तक हाताला कोरडं लागलं तरी त्यात ओल असते. एक दिवस पंख्याखाली उभं, पानं थोडी उघडी ठेवून राहू द्या. उन्हात नको, जुना कागद उन्हाने आणखी कडक आणि पिवळा होतो. ओलसर पुस्तक प्लॅस्टिकमध्ये सील करणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं.

मग पहिला थर साध्या कोऱ्या कागदाचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिकट कव्हरवर उतरते. या कागदावर टेप लावा, पुस्तकावर कधीच नको. रबरबँड तर अजिबात नको, तो पानांच्या कडा कापतो आणि उकाड्यात वितळून चिकटतो. दुसरा थर प्लॅस्टिकचा, तोंड नीट दुमडून बंद केलेला. तिसरा थर खोक्याच्या पुठ्ठ्याचा: दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे. मार बसला तर तो या बोटभर जागेवर बसतो आणि पुस्तकाचा कोपरा वाचतो. एका पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो, त्यामुळे असा उलटसुलट ठेवला की कुठल्याच बाजूने वाकत नाही. दोन्ही तुकडे कडेने घट्ट टेप करा, पुस्तक मध्ये हलता कामा नये. सगळ्यात वर ब्राऊन पेपर किंवा मापाचं छोटं खोकं. उरलेल्या जागेत चुरगळलेली रद्दी भरा, इथे वर्तमानपत्र चालतं.

बंद केल्यावर पार्सल कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. मग कंबरेइतक्या उंचीवरून जमिनीवर टाकायला तुमचा हात धजावतो का, ते बघा. धजावत नसेल तर पॅकिंग झालेलं नाही, कारण वाटेत ते पार्सल त्याहून उंचावरून पडणार आहे. 'नाजूक' असं लाल अक्षरात लिहून भागत नाही. भरल्या थैलीत ते कुणालाही दिसत नाही, आणि दिवसभर शेकडो पार्सलं उचलणाऱ्या माणसावर आपल्या आळसाचं खापर फोडणंही बरं नाही. पत्ता बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई पाण्याने पसरते. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका, वरचा कागद फाटला तरी पार्सल बेवारस होत नाही.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा. साठ रुपयांच्या पुस्तकाला एवढा थाट परवडतो का? हिशेब करून बघा. पुठ्ठा किराणा दुकानात आणि मेडिकलमध्ये मागितला की फुकट मिळतो. एका पार्सलला साधारण तीन मीटर ब्राऊन टेप लागते, म्हणजे ६५ मीटरच्या रोलमध्ये वीसएक पार्सलं. पाच-सात रुपयांवर जात नाही. खरी अडचण वजनाची आहे. २५० ग्रॅमचं पुस्तक पॅकिंगसकट ३०० च्या पुढे जातं आणि दर बदलतो. तिथे मी म्हणेन, जास्तीचे पैसे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा. पुस्तक नीट येणार असेल तर वाचक दहा-पंधरा रुपयांसाठी अडून बसत नाही. आणि जो अडून बसतो, त्याने फाटक्या पुस्तकाची तक्रार करू नये.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो मला जास्त पटतो. एका पुस्तकाभोवती दोन मीटर बबल रॅप गुंडाळणं हा उपाय नाहीच. पण वर सांगितलेल्या पद्धतीत प्लॅस्टिकचा एकच थर आहे, तोही जुन्या साडीच्या किंवा शर्टाच्या पिशवीचा चालतो. पुठ्ठा आणि रद्दी आधीच वापरून झालेली आहे. शिवाय खराब पोचलेलं पुस्तक परत पाठवणं, दुसरं शोधणं, तेही पुन्हा पाठवणं यात कचरा कमी होतो का?

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही, पण मनात असतो: जुनं पुस्तकच ते, आधीच पिवळं पडलंय, कोपरा आणखी थोडा दुमडला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की जुन्या कागदाला लवचीकपणा राहिलेला नसतो. नवं पान दुमडतं, जुनं तुटतं. शिलाई सैल झालेल्या पुस्तकाला एक जोराचा धक्का बसला की आतली पानं कव्हरातून सुटून येतात. म्हातारं माणूस आहे म्हणून त्याला बसमध्ये उभं करत नाही आपण, उलट जागा देतो. पुस्तकाचंही तेच.

मागवणाऱ्यांनाही दोन शब्द. पार्सल आलं की मधोमध सुरी चालवू नका, कव्हर कापलं जातं. कडेची टेप कापा. आणि नीट पॅक केलेलं पुस्तक आलं तर विकणाऱ्याला तसं कळवा. किंमत कमी-जास्त करायला दहा मेसेज करता, मग एवढा एक करायला हरकत नाही.

शेवटी आपल्या मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. दर वर्षी परीक्षा संपल्यावर सीनियर पुस्तकं विकायला काढतात. त्या आठवड्यात मंडळाच्या खोलीत एक टेबल मांडूया: गोळा केलेला पुठ्ठा, दोन रोल टेप, कात्री, बॉलपेन, एक वजनकाटा आणि ज्ञान पोस्टाचे चालू दर लिहिलेला कागद. पुठ्ठा जमवायला आत्तापासूनच सुरुवात करता येईल. कॉलेजच्या लायब्ररीत नवी पुस्तकं येतात ती खोकी नंतर रद्दीतच जातात, ती मागून घेऊ. मी पहिल्या दिवशी टेबलावर बसायला तयार आहे. आणखी तिघं-चौघं हवेत.