गाणी बदला, पण आम्हाला विचारून

कोरेगाव भीमाला नगर रस्त्यावर वाहतूक तुंबली की टेम्पोच्या केबिनमध्ये एफएम लागतो. रांजणगावहून पाळी संपवून परतणारा कामगार असो की मार्केट यार्डात माल उतरवून आलेला शेतकरी, कानावर पुण्याहून येणारी तीच ती हिंदी सिनेमातली गाणी पडतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे गाणं हाच त्यांचा मुख्य माल. मग कधी जुनी गाणी जाऊन नवी येतात, कधी उलटं होतं. जाहिराती शहरातल्या दुकानांच्या, म्हणून गाणीही शहराच्या आवडीची. आमच्या पट्ट्याला कोण विचारतो?

न विचारता गाणी बदलली की काय होतं, हे देशाने एकदा अनुभवलं आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची नितांत श्रद्धा होती आणि सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. श्रोत्यांनी सरळ सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला सिनेमाच्या गाण्यांसाठी दार उघडावं लागलं.

पण त्याच काळात आपल्या पुणे केंद्राने दुसरी वाट दाखवली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू केलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, दर आठवड्याला नवं गाणं. वर्षभरात ५६ गाणी झाली. ती ऐकायला कुणावर सक्ती नव्हती, तरी लोक वेळ साधून रेडिओजवळ बसत. श्रोत्याची आवड बंदीने घडत नाही. त्याच्या जिव्हाळ्याचं काही मन लावून केलं, तर तो आपणहून येतो.

आमच्याकडे असं जिव्हाळ्याचं पुष्कळ आहे. १ जानेवारीला जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात, तेव्हा वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांचे सूर सगळ्या परिसरात घुमतात. सप्ताहातली भजनं आहेत, जत्रेतला तमाशा आहे, मराठवाड्यातून आणि बिहारमधून कामाला आलेल्यांची स्वतःची गाणी आहेत. एफएमवर यातलं कितीसं वाजतं?

रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. २००६ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची वाट मोकळी केली. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तिथेच तयार व्हावेत, अशी त्यात अट आहे. आपल्याच जिल्ह्यात बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ चालते. मग शिरूर तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने नगर रस्त्यावरच्या गावांसाठी पुढाकार का घेऊ नये? छोट्या मनोऱ्याचा आवाज दहा-एक किलोमीटरच जाईल. तेवढ्या टापूत कोणती गाणी वाजावीत, हे तिथल्याच माणसांनी एकत्र बसून ठरवावं. आपल्याकडचे शाहीर, भजनी मंडळं आणि भीमगीतं गाणारी पोरं या कामाला आनंदाने येतील, याची मला खात्री आहे.