मोडीत किती येतील?

इन्क्रिमेंट झालं की माणूस काय करतो? आमच्या ऑफिसात एकानं मोबाइल घेतला, एकीनं गोव्याचं बुकिंग केलं. मी भांडी घेतली. हसू नका! नॉनस्टिकचा पाच पीसचा सेट, साडेसात हजार रुपये, सहा हप्त्यांत. ‘सर, ही इन्व्हेस्टमेंट आहे,’ असं सेल्समन म्हणाला आणि आपण विरघळलो. दीड वर्षात तव्याच्या मधोमध रुपयाएवढं टक्कल!

जानेवारीत अंकुशनगरला आत्याकडे गेलो होतो. अंबड तालुक्यातलं हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. हंगाम जोरात, हवेत मळीचा वास. जेवताना माझी रडकथा सांगितली. आत्यानं भाकरी उलटत एकच प्रश्न विचारला, ‘‘मोडीत किती येतील रे त्याचे?’’

काय बोलणार? तिनं स्वतः लग्नातली पितळी घागर मोडीत घालून स्टीलचे डबे घेतलेत. भांडं म्हणजे गुंतवणूक, याचा तिच्या पिढीतला अर्थ अगदी रोकडा होता. वापरा, झिजवा, तरी वजनाचे पैसे येतात. माझा सेट भंगारवाला नेईल, पण जर्मनच्या भावानं. जर्मन म्हणजे आपलं ॲल्युमिनियम हो!

गंमत म्हणजे गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांसमोर तीन दगडांवर शिजत होतं ते याच जर्मनच्या पातेल्यांत. हलकं, स्वस्त आणि पटकन तापणारं. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण पंधरापट चांगली उष्णता वाहून नेतं. म्हणूनच पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीवरचा भाग करपतो आणि कडेचे पोहे गारच. पण जर्मनच्या भांड्यात चिंच-टोमॅटो शिजवले की आंबटपणा धातूला खातो. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ट्रायप्लाय. मध्ये ॲल्युमिनियम, आतून-बाहेरून स्टील. मॉलमध्ये ज्या कढईची किंमत बघून आपण दोन पावलं मागे सरतो, तिच्या पोटात कोपीतलंच जर्मन आहे! पण तिथे पैसे जातात ते न झिजणाऱ्या गोष्टीला. थर नाही, त्यामुळे निघायचा प्रश्नच नाही. माझ्या मते एक मध्यम कढई घ्यायला हरकत नाही. एकच. अख्खा सेट घेतलात तर त्यातली दोन भांडी माळ्यावर जाणार, लिहून ठेवा.

नॉनस्टिकचा फंडाच वेगळा. आपल्याकडे हे आणलं ते मराठवाड्यातल्याच माणसांनी. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबानं १९६८ मध्ये ‘निर्लेप’ सुरू केली. २०१८ मध्ये ती बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली, पण आजही कितीतरी घरांत कुठल्याही कंपनीचा तवा ‘निर्लेपचा तवा’च असतो. डोशाला, ऑम्लेटला तो झक्कास. मात्र त्याचा पीटीएफईचा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर पोचतो. मी काय करत होतो? रोज सकाळी तवा गॅसवर फुल ठेवून दाढी! त्यावर भाकरीही थापायचो. महागड्या तव्याचं बूड जाड असतं, थर जरा जास्त टिकतो, पण कधीतरी जातोच. तेव्हा तो टूथब्रशसारखा घ्यावा. मधल्या किमतीचा, मंद आचेवर वापरायचा आणि टक्कल पडलं की निरोप द्यायचा. हप्त्यांवर तर मुळीच घेऊ नका. माझा शेवटचा हप्ता गेला तेव्हा तव्यावर चरे पडलेलेच होते.

भाकरीसाठी लोखंडी तवाच. आत्याचा तवा तिच्या सासूबाईंचा आहे. मधोमध खोलगट झालाय आणि भाकरी अशी फुगते की बघत राहावं. मागायचा धीर झाला नाही. मी जालन्याच्या बाजारातून नवा घेतला, माझ्या सेटच्या झाकणाच्या किमतीत. पुण्याला आल्यावर कौतुकानं घासला आणि रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवला. सकाळी लालभडक गंज! घाबरून आत्याला फोन लावला.

‘‘घास, पूस, तेल लाव,’’ ती म्हणाली. ‘‘अन् ते टकलं फेकलं का नाही अजून?’’