पोडात वीस पोरं आणायची कुठून?

झरी जामणीकरहो, पटसंख्येचा हिशोब जरा नीट बघा. 15 मार्च 2024 च्या संचमान्यता निर्णयानं सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकाच्या पदावर गदा येते. पण आपल्याकडे कोलाम पोड असतंच लहान. तिथं पट भरणार कसा?

घरी कोलामी, पुस्तक मराठीत. अशा पोराले ओळखीचा मास्तर लागते. तोच काढला तर पाचवीनंतर शाळा सुटते, पोरींची आधी. शिक्षण हक्क कायद्यात तर सहावी ते आठवीची शाळा 3 किलोमीटरच्या आत पाहिजे. मग निकाल कमी म्हणून पोरांले दोष कायले देता?

पोडासाठी पटाची अट वेगळी ठेवा. येत्या ग्रामसभेत गावोगावी हा ठराव घ्याच.