वर्षाखेरीची शिल्लक : माझी पाच गाणी

डिसेंबर उजाडला की या सदरात सरत्या वर्षाचा काही ना काही आढावा घ्यावा, असा परिपाठ पडला आहे. यंदा गाण्यांचा आढावा घेत आहे. त्याला निमित्तही तसेच घडले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले. माझ्या वयाच्या वाचकांना त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. तरुण वाचकांसाठी मात्र दोन शब्द लिहितो.

१९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठच्या सुमारास ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमत. दर आठवड्याला लोकप्रिय हिंदी गाणी खालच्या क्रमांकापासून वर मोजली जात. क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत. वर्ष सरताना साऱ्या वर्षाची मोजदाद होई आणि पहिल्या पायदानावर कोणते गाणे येणार, यावर आम्हा मुलांत पैजा लागत. हा क्रम ठरे तो रेकॉर्डच्या दुकानांतील विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून.

पुढे बँकेत रुजू झालो, तेव्हा बँकांचे हिशेबी वर्षही ३१ डिसेंबरलाच संपत असे. मार्चअखेरची पद्धत नंतर आली. त्या रात्री खातेवह्या जुळवताना एक गोष्ट मनात पक्की बसली. खात्यावर वर्षभर जी रक्कम येते-जाते ती उलाढाल आणि अखेरीस जी उरते ती शिल्लक. एखाद्या आडत्याच्या चालू खात्यावर लाखोंची उलाढाल असे आणि शिल्लक शे-दोनशेची. एखाद्या वृद्धेच्या बचत खात्यावर वर्षात जेमतेम तीन नोंदी असत. पण तिची ठेव कधी मोडलेली नसे.

गीतमाला मोजत होती ती गाण्यांची उलाढाल. आज हेच काम मोबाइलमधील ॲप करते. डिसेंबरात त्याने मला कळवले की, या वर्षी मी सर्वाधिक वेळा ऐकलेले गाणे ‘गुलाबी साडी’ हे आहे. वस्तुतः ते सुटीत आलेल्या नातवंडांनी माझ्या फोनवर लावलेले होते. नोंद बिनचूक आणि निष्कर्ष अगदीच चुकीचा, असे हिशेब आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून माझ्या यादीची कसोटी वेगळी ठेवली आहे. यंत्र बंद असताना, सकाळी फिरताना किंवा दुपारी पडल्या पडल्या, जे गाणे वर्षभर आपणहून ओठांवर येत राहिले ते माझे. त्याचे वय विचारायचे नाही. निवडताना ध्यानात आले की पाचही गाण्यांचे धागे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मातीत कुठे ना कुठे गुंतलेले आहेत.

पाचवे पायदान ‘गुलाबी साडी’लाच देतो. नातवंडांची भीड म्हणून नव्हे. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाने चित्रपटाच्या आधाराविना हे मराठी गाणे केले आणि २०२४ मध्ये ते देशभर गेले. मंचर-नारायणगावच्या मंगल कार्यालयांत यंदा या गाण्यावाचून वरात निघाली नाही. लग्नसमारंभातील तरुण पिढी हिंदी-पंजाबी गाणी बाजूला सारून मराठी शब्दांवर नाचते, हे पाहून मन सुखावले. त्याची शिल्लक किती, ते दहा वर्षांनी कळेल.

चौथे पायदान ‘गारवा’चे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सौमित्र म्हणजेच किशोर कदम यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत व स्वर घेऊन ही कॅसेट आली. गाण्याआधी कवीच्या आवाजात कविता ऐकू येते, हा प्रकार नवा होता. तरुण सहकारी शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपून नाणेघाटाकडे नाहीतर माळशेजकडे निघत, तेव्हा गाडीत हीच कॅसेट असे. आज ती कॅसेट वाजवायला घरात यंत्र उरलेले नाही. पण पहिल्या सरीला गाणे आठवतेच.

तिसरे पायदान ‘गर्जा महाराष्ट्र माझा’. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज. खळे यांचे नाव घेतले की हळुवार भावगीते आठवतात; त्याच लेखणीतून हे रणवाद्यासारखे संगीत उतरले, याचे मला नेहमी नवल वाटते. १९ फेब्रुवारी २०२३ पासून या गीतास राज्यगीताचा मान मिळाला. तो दिवस शिवजयंतीचा. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यापेक्षा उचित मुहूर्त सुचला नसता.

दुसरे पायदान ‘नभ उतरू आलं’. चित्रपट १९७७ चा ‘जैत रे जैत’. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर आशा भोसले यांचा. कथा ठाकर समाजाची. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात ठाकर आणि महादेव कोळी बांधव राहतात. घोडेगावी नोकरीस असताना उन्हाळ्यात हिरडा विकून आलेले पैसे भरायला तिकडच्या स्त्रिया बँकेत येत. नोटा पदराच्या गाठीत बांधलेल्या असत. पैसे भरले की पाऊस आणि भाताची लावणी एवढाच विषय त्यांच्या तोंडी असे. डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. तालुक्याला नाव तेवढे राहिले. आभाळ भरून आले की मला त्या स्त्रिया, ते पाणी आणि हे गाणे एकदमच आठवतात.

पहिले पायदान ‘खेळ मांडला’. १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘नटरंग’मधील हे गीत गुरू ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचे आणि स्वर अजय गोगावले यांचा. वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे या बंधूंच्या बालपणाची काही वर्षे आपल्या जुन्नरमध्ये गेली. आनंद यादवांच्या कादंबरीतील गुणा कलेपायी पिळदार शरीर, घर, मान सारे पणाला लावून तमाशात नाच्या होतो. ही कथा नारायणगावकरांना परकी नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. टाळ्या, शिट्ट्या, दोन राष्ट्रपती पुरस्कार एवढी उलाढाल त्यांच्या खाती जमा झाली. पण उत्तरायुष्य पैशांच्या ओढाताणीत गेले आणि २००२ मध्ये त्या निवर्तल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. हिशेबनीस म्हणून मला तो पुरस्कार उशिरा जमा झालेल्या व्याजासारखा वाटतो.

गाण्याने आपल्याला वर्षभर जे दिले, त्यातले गाणाऱ्याच्या पदरी काय पडले, हे विचारल्यावाचून वर्षाचा हिशेब पुरा होत नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतील आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतील. आपल्यापैकी कित्येकजण त्या कमिट्यांवर आहेत. ठरलेली रक्कम कलावंतांच्या हाती वेळेवर आणि पूर्ण पडावी, एवढे तरी आपण पाहू शकतो.

वाचकहो, ३१ डिसेंबरच्या रात्री घरातील प्रत्येकाने आपापली पाच गाणी कागदावर लिहावीत आणि एकमेकांना वाचून दाखवावीत. आजीच्या यादीत कोणते गाणे आहे, हे नातवाला बहुधा ठाऊक नसते. नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.