वर्ग सांभाळण्याचा सराव

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला शाळेच्या पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक अडवत नाही. त्याला अडवतात ती एकाच वेळी बोलणारी तीस मुले. "सर, ह्यानं माझी पेन्सिल घेतली." "सर, माझं झालं." "सर, पाण्याला जाऊ?" पदविका हातात असते, टाचण तयार असते आणि तरीही दुपारपर्यंत आवाज बसलेला असतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. ही मनाई योग्यच आहे. "बिनधास्त मारा, सर, घरी ऐकत नाही तो" असे सांगणाऱ्या पालकालाही शिक्षकाने हे ठामपणे सांगितले पाहिजे. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. छडी गेली, पण तिच्याशिवाय वर्ग कसा सांभाळायचा हे शिकवण्याची जबाबदारी प्रशिक्षण व्यवस्थेने मनावर घेतली नाही. मग छडीची जागा आरडाओरड्याने घेतली, टोमण्यांनी घेतली, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणाऱ्या मॉनिटरने घेतली. यातले टोमणे तर मानसिक छळातच मोडतात. आणि नावे लिहिणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावर आपण मोठ्या माणसाचे काम टाकतो. मधल्या सुट्टीत त्याची किंमत तोच मोजतो.

अध्यापक विद्यालयातली दोन वर्षे आठवून पाहा. सूक्ष्म अध्यापनात समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच सहाध्यायी. तेही बिचारे विचारले की उत्तर देतात, सांगितले की गप्प बसतात. प्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, चेतक बदल ही सारी कौशल्ये तिथे घोटून घेतली जातात. पुढे सराव पाठासाठी शाळेत गेलो की वर्गाचे नेहमीचे शिक्षक आणि निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात. मुले शांत असतात ती त्यांच्यामुळे. गोंगाट सुरू झालेल्या वर्गापुढे एकट्याने उभे राहण्याची वेळ येते ती थेट नोकरीत. पोहणे फळ्यावर शिकवून विहिरीत ढकलावे, तसेच हे आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी प्राथमिक वर्गांचे चित्रीकरण करून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७० साली आले. मूल चुकल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावर वर्गाची शिस्त ठरते असे त्यांना आढळले नाही. फरक पडत होता तो आधीच्या गोष्टींनी. शिक्षकाचे लक्ष चौफेर आहे हे मुलांना जाणवते का, एका गटाला शिकवताना दुसरीकडचे त्याला दिसते का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग विनाखोळंबा जातो का, हे महत्त्वाचे ठरले. आपल्याकडच्या जोडवर्गाच्या शिक्षकाला यातले काहीच नवे वाटणार नाही. पहिलीला अक्षरे गिरवायला लावून दुसरीची वजाबाकी घेणारी बाई रोज हेच करत असते. फक्त तिला हे कोणी शिकवलेले नसते, आणि तिच्याकडून ते शिकून घ्यायलाही कोणी येत नाही.

एकच प्रसंग जवळून पाहू. भाषेचा तास संपून गणित सुरू होताना शिक्षक फळ्याकडे वळून पुसत पुसत बोलतात : "वह्या काढा, पान बत्तीस, आधी तारीख टाका, ए, खाली बस, उदाहरण पहिलं बघा." एका दमात पाच गोष्टी, त्याही पाठमोऱ्या. निम्म्या वर्गाची वही निघते, चार जण पान विचारतात, दोघे उठून शेजारच्याचे पाहायला जातात. मग येते "हाताची घडी, तोंडावर बोट". सहा वर्षांचे मूल तसे कितीसे बसणार? आता हेच दुसऱ्या रीतीने. फळा आधीच पुसलेला, पान क्रमांक त्यावर लिहिलेला. शिक्षक एका ठरलेल्या जागी वर्गाकडे तोंड करून उभे राहतात, बोलणे थांबेपर्यंत थांबतात, हळू आवाजात एकच सूचना देतात आणि ती पाळली गेली का ते शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवून पाहतात. मगच दुसरी. ज्याने वही काढली त्याचे नाव घेऊन तसे सांगतात. ज्याने काढली नाही त्याच्याजवळ जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असे बोलतात. हे वाचून येत नाही. आपल्यासारख्याच शिक्षकाने पाहावे, काय दिसले ते सांगावे आणि आपण पुन्हा करून पाहावे, तेव्हाच ते अंगवळणी पडते.

अर्थात प्रत्येक मुलाचे वागणे एवढ्याने सुधारेल असे नाही. उपाशी आलेले, ऐकू कमी येणारे, घरात मार खाणारे मूल वर्गात अस्वस्थ असणारच. त्याला वेगळी मदत लागते. पण वर्ग स्थिर असेल तरच ते मूल शिक्षकाच्या नजरेस पडते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. यातले काही तास तरी भाषण आणि सादरीकरण बाजूला ठेवून अशा सरावाला द्यावेत, ही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना आमची विनंती आहे. केंद्रप्रमुखांनी तर परिपत्रकाची वाट पाहू नये. पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी राखा. चार शिक्षकांनी खऱ्याखुऱ्या मुलांसारखे वागावे, एकाने तास बदलून दाखवावा, बाकीच्यांनी काय दिसले तेवढेच सांगावे. शेरे आणि गुण नकोत. त्या तासात काय जमले आणि काय जमले नाही ते आम्हाला लिहून पाठवा, आम्ही ते छापू.