गंजाखालचे लोखंड

शहरातील जुना बाजार असो किंवा बंद पडलेल्या कारखान्याचे आवार असो, भंगाराच्या ढिगात एखादा जड, तांबूस गंज चढलेला लोखंडी जबडा हमखास आढळतो. तो असतो सुताराचा व्हाइस, म्हणजे काम चालू असताना लाकूड घट्ट धरून ठेवणारे साधन. भंगारवाला त्याचे मोल वजनावर ठरवतो. नवे विकत घेण्याची ऐपत असलेला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘जुने ते सोने’ म्हणणारा मात्र तो डोळे झाकून उचलतो. या तिघांकडूनही एकच चूक होते. समोरची वस्तू नीट तपासून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही.

आपल्याकडचा परंपरागत सुतार जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पायाने दाबून धरायचे आणि हातांनी वाकस किंवा रंधा चालवायचा, ही त्याची रीत. रेल्वेचे कारखाने, तंत्रशाळा आणि १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील संस्था यांतून उभ्याने काम करण्याचा बाक आणि त्याला जोडलेला व्हाइस अनेकांच्या परिचयाचा झाला. पायाचे काम लोखंडाने पत्करले. या साधनाची रचना अगदी साधी असते. बिडाचे दोन जबडे, मधून जाणारा पोलादी स्क्रू, जबडा सरळ रेषेत सरकावा म्हणून दोन दांडे आणि फिरवण्यासाठी मूठ, एवढेच त्याचे मुख्य भाग. त्यात काहीही झाकलेले नाही. दोन-चार पाने हाती असले, की तो पूर्ण उघडता येतो.

अशा व्हाइसची दुरुस्ती पारखण्यापासून सुरू होते. गंज पाहून घाबरण्याचे कारण नसते, कारण पुष्कळदा तो वरवरचाच असतो. खरी भीती तड्याची असते. बीड कठीण असले तरी ठिसूळ असते आणि तडा गेलेले बीड जोडणे फार अवघड असते. बारीक तडा रंगाखाली सहज लपतो. म्हणून अनुभवी कारागीर संशयित जागा खरवडून स्वच्छ करतो, तिच्यावर रॉकेल लावतो, काही वेळाने ते पुसून घेतो आणि वर खडू फासतो. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. अशी रेघ जबड्याच्या मुख्य भागात दिसली, तर त्या वस्तूचा मोह सोडावा.

याच्या उलट अनुभवही येतो. पुष्कळ चांगल्या व्हाइसचे जबडे मिटताना त्यांची वरची कड आधी टेकते आणि खाली बारीक फट राहते. नवख्या माणसाला वाटते, जबडा वाकला आहे. वस्तुतः ती फट मुद्दामच ठेवलेली असते. स्क्रू आवळला, की ताणामुळे दोन्ही जबडे समांतर येतात आणि लाकूड वरच्या कडेलाही घट्ट बसते. हे न जाणता जो कानस घेऊन फट ‘दुरुस्त’ करायला बसतो, तो चांगली वस्तू बिघडवतो.

पारख झाल्यावरचे काम चिकाटीचे आहे. सुटे भाग क्रमाने मांडून ठेवावेत. घट्ट बसलेल्या नटांवर हातोडा चालवण्यापेक्षा त्यांना तेल पाजून एक-दोन दिवस थांबावे. तारेच्या ब्रशाने गंज काढताना बारीक धूळ रोखणारा योग्य मास्क लावावा, नुसते कापड पुरत नाही, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. स्क्रूच्या आट्यांना जाड ग्रीस न लावता पातळ तेल लावावे, कारण ग्रीसला लाकडाचा भुसा चिकटतो आणि आटे पुन्हा जाम होतात.

मग येते ती जोडणी. बाकाच्या पायाजवळची जागा निवडली, की जोर पायामार्गे जमिनीत उतरतो. फळी पातळ असेल, तर खाली जाड ठोकळा द्यावा आणि साध्या स्क्रूऐवजी आरपार बोल्ट वापरावेत. लोखंडी जबड्याची कड बाकाच्या पृष्ठभागाखाली सुमारे एक सेंटिमीटर ठेवावी आणि जबड्यांना लाकडी फळ्या लावून त्या पृष्ठभागाशी समतल कराव्यात. त्यामुळे रंध्याचे पाते लोखंडावर आपटत नाही आणि धरलेल्या लाकडावर वळही उठत नाहीत.

एवढा खटाटोप करायचा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. रोजंदारीवर जगणाऱ्या सुताराचा एक दिवस गेला, तर त्या दिवसाची मजुरीही जाते. हा आक्षेप खोटा नाही. प्रत्येक जुनी वस्तू वाचवलीच पाहिजे, असा हट्ट धरणे म्हणजे दुसऱ्याच्या वेळेची किंमत न करणे होय. परंतु बीड वितळवायला सुमारे बाराशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. जी वस्तू दोन दिवसांच्या श्रमाने उभी राहू शकते, ती पुन्हा भट्टीत घालणे हा इंधनाचा आणि कौशल्याचाही अपव्यय आहे.

खरा प्रश्न आहे तो या श्रमाच्या मोलाचा. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर आणि गाडी दुरुस्त करून देण्याबद्दल त्याला धान्य मिळे, पण त्याच्या जाणतेपणाला विद्येचा मान मिळाला नाही. आजही नव्या वस्तूची छापील किंमत मुकाट्याने देणारा माणूस दुरुस्ती करणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून मिळवलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या अधिकारा’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. ही पावले योग्य दिशेची आहेत. मात्र वस्तू दुरुस्त करण्याचा अधिकार मिळाला आणि ती दुरुस्त करणारा हातच उरला नाही, तर त्या अधिकाराचा उपयोग काय?

म्हणून सुतारकाम शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या महिन्यात एक गंजलेला व्हाइस द्यावा. काय ठेवायचे, काय बदलायचे आणि काय टाकून द्यायचे, हे त्याने स्वतः ठरवावे आणि त्याची कारणे सांगावीत. ती कारणे ज्याला सांगता येतात, तो शिकलेला आहे असे समाजाने मानावे आणि त्याच्या कामाचा मोबदलाही त्याच मापाने द्यावा.