वायदा, इसार आणि वाचनालयातला फोन

गेल्या दिवाळी अंकात या सदरात मी मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल लिहिलं होतं. या वर्षीचा विषय कळवला तेव्हा संपादकांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" बरोबरच आहे. माझं एम.ए. मराठीचं, सहा वर्षं शाळेत शिकवलं तेही मराठीच. पण या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तिघी-चौघींनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं ते शुद्धलेखनाबद्दल नव्हतं. "एक लॉट घ्यायला किती लागतात गं?", "कॉल घेणं आणि फ्युचर घेणं एकच ना?", "विकायचं म्हणजे काय, आपल्याकडे नसताना कसं विकायचं?" मी थोडं हात पोळून घेतलं आहे हे पुंगोलमध्ये पसरलं असावं. इथे एका ब्लॉकमधली गोष्ट दुसऱ्या ब्लॉकमध्ये पोचायला एलआरटीही लागत नाही.

तर आधी वायदा. आमचं माहेर सांगलीचं. आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, हळद साठवायची आणि भाव आला की काढायची, असा तिथला जुना रिवाज. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून सांगलीत हळदीचे वायदे होत. दोन महिन्यांनी मी तुला इतकी पोती या भावाला देणार आणि तू ती घेणार, असा आज ठरवलेला सौदा. भाव वर जावो की खाली, दोघंही बांधलेले. हेच फ्युचर. आताच्या बाजारात फरक इतकाच की मध्ये एक्स्चेंज उभं असतं, दोघांकडूनही मार्जिन म्हणून रक्कम ठेवून घेतं आणि रोज संध्याकाळी हिशेब करतं. आज तुमचं नुकसान झालं तर आजच पैसे भरा, दोन महिने थांबायची सोय नाही. निफ्टीच्या वायद्यात पोतं नसतंच, फक्त आकडा असतो, त्यामुळे शेवटी फरकाच्या पैशांची देवाणघेवाण होते. (एकेका कंपनीच्या शेअरचं तसं नाही. तिथे मुदत संपेपर्यंत सौदा उघडा ठेवलात तर २०१९पासून खरोखरचे शेअर द्यावे-घ्यावे लागतात.)

ऑप्शन समजायला मला स्वतःला वेळ लागला, आणि समजला तो 'इसार' या शब्दामुळे. जमीन घेताना आपण इसार देतो. तीन महिन्यांत ठरल्या भावाला खरेदी करीन. नाही केली तर इसार बुडाला, पण त्यापलीकडे माझं काही जात नाही. कॉल ऑप्शन म्हणजे असाच इसार. त्या रकमेला प्रीमियम म्हणतात, ठरल्या भावाला स्ट्राइक आणि मुदतीला एक्स्पायरी. पुट याच्या उलट: ठरल्या भावाला विकण्याचा हक्क विकत घ्यायचा, साधारण पिकाच्या विम्यासारखा. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. गाडी अडते ती पुढे. इसार घेणारा कोण? तोही एक माणूसच असतो. त्याला पहिल्याच दिवशी इसार मिळतो, पण मग तो बांधला जातो. घेणाऱ्याला माघार घेता येते, देणाऱ्याला नाही. घेणाऱ्याचं नुकसान इसाराएवढं, विकणाऱ्याचं किती होईल हे विकताना कुणीच सांगू शकत नाही.

हे वाक्य मी आता शांतपणे लिहिते आहे. २०२४च्या जूनमध्ये ते मला तोंडपाठ होतं, पण कळलेलं नव्हतं.

धाकटा भाऊ सांगलीलाच असतो. तो वर्षभर पुट विकत होता. आठवड्याला चार-पाच हजार सुटायचे आणि दर गुरुवारी, तेव्हा निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी असे, मला स्क्रीनचा फोटो यायचा. मार्जिनसाठी ठेवलेले सात लाख बाबांच्या निवृत्तीचे होते. बाबांना 'शेअरमध्ये आहेत' इतकंच ठाऊक होतं. मलाही ते खटकायला हवं होतं. पण खरं सांगू? मला हेवा वाटत होता. इथे घरी बसून तीन मुलांना मराठी शिकवून जे मिळतं तेवढंच माझं म्हणून असतं, आणि भारतातला बाजार आपल्या पावणेबाराला उघडतो, अगदी कुकर लावायच्या वेळी. मग वाटतंच, आपणही बघावं.

१ जूनला, शनिवारी संध्याकाळी, निवडणुकीचे एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळून २३,२६३वर बंद झाला. त्या दिवशी मी शिकवणीचे पैसे भावाला पाठवून त्याच्या खात्यात माझ्यासाठी २३,५००चे दोन कॉल घ्यायला लावले. लॉट तेव्हा २५चा, प्रीमियम १७० रुपये, म्हणजे ८,५०० रुपये. आपले साधारण १३७ डॉलर. (दुसऱ्याच्या खात्यातून असं करू नये. अनिवासी भारतीयांना भारतातल्या रुपयांतून, ते परदेशी परत न नेण्याच्या अटीवर वायदे-ऑप्शन करता येतात, पण ते स्वतःच्या रीतसर खात्यातून. त्या रांगेतल्या शेवटच्या प्रश्नाचं हे उत्तर.) भावाने स्वतः २२,५००चे दहा लॉट पुट विकले. प्रत्येकी ६० रुपये, एकूण २५० नग, १५,००० रुपये हातात. "ताई, साडेसातशे पॉइंट खाली यायला हवेत मला तोटा व्हायला. तीन दिवसांत कुठे येतात?"

मंगळवारी ४ जूनला निकाल. मुलांना सुट्टी होती, म्हणून त्यांना घेऊन मी वन पुंगोलमधल्या वाचनालयात गेले होते. फोन सायलेंटवर. मुलांच्या विभागात धाकटीला गोष्ट वाचून दाखवत होते आणि पिशवीत भावाचे अकरा मिस्ड कॉल साचत होते. मी पाहिलं तेव्हा तीन वाजून गेले होते. शेवटचा मेसेज: "ताई दीड लाख टाक आत्ता, नाहीतर कापतील."

कापले होते. निफ्टी त्या दिवशी २१,३००च्या खाली जाऊन आला. मार्जिन अपुरं पडलं आणि दलालाने त्याचे सगळे पुट बाराशे रुपयांच्या भावाने परत घेऊन सौदा बंद केला. ६०ला विकलेलं १,२००ला घेतलं. १,१४० गुणिले २५०, म्हणजे २,८५,००० रुपये, दलाली वेगळी.

गंमत पुढेच आहे, म्हणजे गंमत म्हणायची का ते तुम्ही ठरवा. गुरुवारी एक्स्पायरीला निफ्टी २२,८२१वर बंद झाला. २२,५००च्या वर! तो पुट कवडीमोल होऊन संपला. भावाचा अंदाज बरोबर होता, पंधरा हजार त्याचेच राहिले असते. माझा कॉल २३,५००चा, तोही कवडीमोल. माझा अंदाज चुकला आणि मी ८,५०० घालवले. त्याचा बरोबर आला आणि त्याने पावणेतीन लाखांच्या वर घालवले. मी फोन उचलून पैसे पाठवले असते तर? या प्रश्नावर मी बऱ्याच रात्री जागून काढल्या. वाचलाही असता. पण मग पुढच्या आठवड्यात त्याने वीस लॉट विकले असते, हेही मला ठाऊक आहे.

आपण राहतो त्याच शहरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. निक लीसन हा बेअरिंग्ज बँकेचा माणूस इथल्या सायमेक्सवर जपानच्या निक्केईचे वायदे करायचा. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तोटा लपवायचा आणि कॉल-पुट दोन्ही विकून इसार गोळा करायचा. बाजार जागच्या जागी राहावा एवढीच इच्छा. १७ जानेवारी १९९५ला कोबेला भूकंप झाला. ८२.७ कोटी पौंडांचा तोटा, १७६२ सालची बँक एका पौंडाला विकली गेली, लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा. चांगीला जाताना आपल्याला विमानतळच आठवतो, तुरुंगही तिथेच आहे.

आपल्याकडचे आकडे सेबीने स्वतःच दिले आहेत. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन करणारे एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोक, त्यांतले ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. नंतर नियम कडक झाले, निफ्टीचा लॉट ७५चा झाला, म्हणजे २०२५मध्ये एका लॉटची उलाढाल अठरा लाखांच्या वर गेली होती. तरी पुढच्या वर्षी ९१ टक्के तोट्यातच. सिंगापूरचं सरकार नागरिकांकडून आणि पीआरकडून कॅसिनोत शिरायचे दिवसाला १५० डॉलर घेतं, दारातच. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

मग वायदे बंदच करावेत का, असं एकीने विचारलं. नाही हो. ज्याच्या पेवात हळद आहे त्याने वायदा विकला तर तो रात्री नीट झोपतो, त्याचा भाव ठरलेला असतो. ज्याच्याकडे शेअर आहेत त्याने पुट घेतला तर तो विमाच. आमच्या भावाच्या पेवात काही नव्हतं.

बाबांना सांगायचं धाडस आम्ही गेल्या दिवाळीत केलं, व्हिडिओ कॉलवर, मी इथून आणि तो समोर बसून. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवाणजींच्या नातवाने हरिपूरची हळद न बघता विकली होय?" आणि आईला चहा टाकायला सांगितलं. उरलेले पैसे त्यांनी पोस्टात टाकले. भाऊ गेल्या नोव्हेंबरपासून दर महिन्याला दहा हजार परत देतो आहे, पगारातून. बाबा वहीत तारीख घालून लिहितात, आजोबांसारखं. ऑक्टोबरपर्यंत बारा हप्ते झाले. सतरा राहिलेत, शेवटचा निम्मा.